वळणापलीकडचा खडक

मला पक्ष्यांची नावं येतात, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एवढ्या एका खोडीपायी सटवाजी भोयाची सून द्वारका गेली. गावात विचारलंत तर लोक सुसरीचं नाव घेतील. सुसरीवर ढकलणं सोपं आहे, ती काही उलट जबाब द्यायला येत नाही. या गोष्टीला दहा वर्षं झाली. मधे निजामाचं राज्यही गेलं. इतके दिवस मी तोंड मिटून बसलो होतो, आता लिहून टाकतो.

मी तातेराव, डोंगरकड्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. हिंगोलीला शिकलो, उर्दू बरी आली, म्हणून पैनगंगेच्या काठच्या या गावात सरकारी शाळेवर मास्तर झालो. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड, आणि दोहोंच्या मधे सटवाजीची नाव. शाळेत नावाला तीस पोरं. कापूस वेचणी लागली की त्यातली दहा उरायची. मग मी वही घेऊन नदीवर जायचो. दिवाळीनंतर डोहावर चक्रवाक उतरायचे, करकोचे यायचे, चमच्यासारख्या चोचीचे पांढरे बगळे यायचे. कोणता पक्षी कोणत्या दिवशी दिसला आणि किती होते, हे मी लिहून ठेवायचो. माझी बायको शकू म्हणायची, पोरांची हजेरी इतक्या मन लावून घेतली असती तर एव्हाना तुमची बढती झाली असती.

बढतीचं माहीत नाही, पण वहीने माझी ओळख वाढवली. तालुक्याचे एक साहेब शाळा तपासायला आले होते. त्यांच्यापुढे पोरांना पाढे येईनात, तेव्हा साहेबांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी त्यांना नदीवर नेलं आणि सटवाजीच्या नावेत बसवून डोह दाखवला. साहेब पाढे विसरले. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दोन पाहुणे पाठवले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाच-सहा. मी नावेच्या टोकाला उभा राहून उर्दूत सांगायचो, हा खंड्या, हा पाणकावळा, ती चक्रवाकाची जोडी. पाहुणे दुर्बीण लावायचे आणि मान डोलवायचे. खरं सांगतो, त्या तासाभरात मला जेवढं बरं वाटायचं तेवढं दुसऱ्या कशानेच वाटलं नाही. सटवाजीलाही ते हवं होतं. नाव चालवायचा हक्क दर साली हर्रासात, म्हणजे लिलावात, निघायचा आणि शेजारच्या गावचा एक ठेकेदार त्यावर डोळा ठेवून होता. साहेबलोक नावेत बसू लागल्यापासून हर्रासाला कुणी फिरकेना.

पण पाहुण्यांचं पक्ष्यांवर भागत नाही. चार बगळे बघून झाले की प्रत्येकजण विचारायचा, मगर कुठे आहे?

मगर होती. तिला आमच्याकडे सुसरच म्हणतात, आणि आमच्या डोहातल्या सुसरीला भोई ‘थोरली’ म्हणायचे. चांगली आठ-नऊ हात लांब. सकाळच्या उन्हात वाळूवर पडून राहायची आणि नाव जवळ आली की सरसर पाण्यात उतरायची. पाहुण्यांना दिसायचं ते नुसतं हललेलं पाणी. मी सटवाजीला म्हटलं, कोंबड्यांना आपण हाक मारून दाणे टाकतो, तसं हिला एका ठरल्या जागी माशाची आतडी टाक, आणि टाकण्याआधी वल्ह्याच्या दांड्याने नावेच्या फळीवर तीन ठोके दे. महिन्याभरात ठोक्यासरशी येईल.

सटवाजीच्या मनात नव्हतं. तो म्हणाला, “मास्तर, आमच्या तीन पिढ्या या डोहात गेल्या. आमी तिच्या वाटंला जात न्हाई, ती आमच्या वाटंला येत न्हाई. हे बराबर चालून राहिलं.”

मी त्याला हर्रासाची आठवण करून दिली. तो एवढा समजदार माणूस, पण ते बोलणं त्याला लागू पडलं.

आता जागा कोणती घ्यायची? घाटासमोर तर शक्यच नव्हतं, तिथे सारा गाव पाणी भरतो आणि धुणं धुतो. सटवाजीच्या अंगणात आम्ही बसलो होतो. मी, सटवाजी आणि त्याचा मुलगा संतराम. संतरामने सुचवलं, घाटाच्या खाली नदी वळण घेते, वळणापलीकडे लव्हाळ्याचं दाट बेट आहे, त्याच्या अलीकडे ठोकावं. तिकडे कुणीच जात नाही. सटवाजीने मान हलवली. मलाही पटलं. तीन पुरुषांनी मिळून ठरवलं की तिकडे कुणीच जात नाही.

सटवाजीची बायको मंजुळाबाई दारात तांदूळ निवडत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, “तिकडं नगा ठोकू.”

मी विचारलं, “काहून?”

सटवाजी म्हणाला, मास्तर विचारून राहिले, सांग की. तिने पदर पुढे ओढला आणि सूप उगाच झटकलं. मी थट्टेने म्हटलं, बेटात भूतबीत आहे की काय, का तुमचं काही पुरून ठेवलंय तिथे? संतराम हसला. मंजुळाबाई उठून आत गेली, आणि आतून एवढंच म्हणाली, “न्हाई, ठोका. माझं काय जातंय.”

तिने एकदा कारण सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती बोलणार कशी? माझ्यासमोर, सासरच्या अंगणात, तरण्या मुलाच्या देखत? आमच्या गावात बाईला कावळा शिवला की चार दिवस ती घराबाहेर, मागच्या खोपीत. त्या दिवसांत तिची सावलीही घाटावर पडता कामा नये, कारण घाटाचं पाणी पिण्याचं आणि वर मारुतीचं देऊळ. मग तिने आपलं धुणं कुठे धुवायचं? हा प्रश्न गावातल्या एकाही पुरुषाने कधी विचारला नव्हता. बायका धुवायच्या, म्हणजे कुठेतरी धुतच असणार. ते कुठेतरी म्हणजे वळणापलीकडे, लव्हाळ्याच्या बेटाआड एक काळा सपाट खडक होता, तो. त्या खडकाला पुरुषांच्या तोंडी नाव नव्हतं. माझी बायको लग्न होऊन आल्यापासून दर महिन्याला गाठोडं घेऊन तिकडे जात होती. चक्रवाक कोणत्या तारखेला येतात हे मी वहीत लिहीत होतो, आणि शकू कुठे जाते हे मी पाच वर्षांत विचारलं नव्हतं.

महिना नाही, दोन महिने लागले. पण थोरली शिकली. तीन ठोके पडायचे, ठप, ठप, ठप, संथ, मधे श्वासाइतकं अंतर सोडून. मग लव्हाळ्याच्या कडेने पाण्यावर एक रेघ उमटायची, आधी नाकाची दोन भोकं आणि मग डोळे दिसायचे. सटवाजी आतडी फेकायचा आणि ती जबडा उघडायची. पाहुण्यांच्या तोंडून आवाज फुटायचा नाही. त्या हिवाळ्यात हैद्राबादेपर्यंत आमच्या डोहाचं नाव गेलं.

बायकांनी त्यांच्यापुरती वाट काढली होती, हे मला नंतर कळलं. नाव कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी निघणार ते भोयांच्या घरातून कळायचं. त्या दिवशी खडकावर कुणी जायचं नाही. एरवी गेलं तर दोघींनी जायचं, एकीने पाण्याकडे नजर ठेवायची, आणि धोपाटण्याने न आपटता कपडे हातानेच चोळून आणायचे. हे सगळं त्यांनी आपापसांत ठरवलं, आम्हाला तसूभर कळू न देता. आम्ही कौतुकाने ठोके देत राहिलो.

द्वारका त्याच वर्षी संतरामची बायको म्हणून बाळापूरकडून आली होती. सोळा-सतरा वर्षांची, बारकी, आणि जिभेला हाड नसलेली. मी घाटावरून जाताना पाखराचं नाव पुटपुटलो तर ती पाठीमागून हळूच तेच नाव घ्यायची आणि शेजारणीला हसवायची. एकदा मी टिबुकलीला भलत्याच पाखराचं नाव दिलं, तेव्हा तिने सासूच्या आडून मला ऐकू येईल असं सांगितलं की मास्तरांना म्हणावं ती टिबुकली आहे, आमच्या ओढ्यात ढिगानं आहेत. मी वहीत बघितलं, तिचंच खरं होतं. तिला थोरली बघायची फार हौस. संतरामजवळ तिने कितीदा तरी हट्ट केला की मला एकदा नावेत घेऊन चला. पण पाहुण्यांच्या नावेत भोयाची सून कशी बसणार? संतराम म्हणायचा, होळीनंतर पाहुणे संपले की नेतो.

माघातला दिवस होता. हैद्राबादेहून एक साहेब आणि त्यांच्या बेगम यायच्या होत्या. नाव दुपारी उन्हं कलल्यावर निघणार असं मीच सटवाजीला सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी माझ्या मनात आलं, दुपारी चक्रवाक वाळूवर झोपलेले असतात, सकाळी बरे दिसतात. मी लगेच वेळ बदलली. साहेबांच्या माणसाला निरोप दिला आणि पहाटे नावेवर जाऊन सटवाजीला सांगितलं. घाटावर बायकांची गर्दी नको म्हणून कोतवालाने सकाळीच तिथे दवंडी दिली. घाट मोकळा झाला. सगळ्यांना कळलं. फक्त खोपीत बसलेल्या बाईला कुणी सांगायला गेलं नाही, कारण घाटाशी तिचा काय संबंध?

खोपीत द्वारका होती. तिचा चौथा दिवस होता. चौथ्या दिवशी सगळं धुवायचं, अंगावरचं, अंथरायची वाकळ, सगळं, आणि मग डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. नाव दुपारी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती सकाळी निघाली. त्या दिवशी बाजार, मंजुळाबाई मासळी घेऊन पहाटेच गेलेली, सोबतीला कुणी मिळेना. पोरगी वेंधळी नव्हती. तिने सगळा हिशेब नीट केला होता, तो माझ्या चक्रवाकांनी बिघडवला.

सकाळ फार सुरेख होती, हे सांगताना मला अजून राग येतो. पाण्यावर धुकं नव्हतं, चक्रवाकांची सात जोडपी होती, एक ऊद, म्हणजे पाणमांजर, पिलांना घेऊन काठाने पळाला. बेगमसाहेबा लहान पोरीसारख्या खूश झाल्या. संतराम वल्हं मारत होता, सटवाजी मागे बांबू धरून उभा. साहेबांनी घड्याळ काढलं आणि मगरीचं विचारलं. आम्ही वळण घेतलं, लव्हाळ्याच्या बेटासमोर नाव थांबवली. सटवाजीने वल्हं उलटं धरून फळीवर तीन ठोके दिले.

थोरली आली नाही.

असं त्या हिवाळ्यात कधी झालं नव्हतं. सटवाजीने पुन्हा तीन ठोके दिले. यावेळी आमच्या डावीकडे, थोडं दूर, पाण्यावर ती ओळखीची रेघ उमटली. मी बोट दाखवलं. रेघ आमच्या दिशेने दोन-तीन हात आली आणि थांबली.

आणि बेटाच्या पलीकडून आवाज आला. ठप. मग श्वासाइतकं अंतर. ठप. परत अंतर. ठप.

बेगमसाहेबांनी विचारलं, “ये क्या है, मास्टर?”

मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर माहीत असायला हवं होतं. मी म्हणालो, “गूंज है, बेगमसाहेबा. सामने कपार है ना, अपनी ही आवाज लौट आती है.” साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी सटवाजीला पुन्हा ठोकायला सांगितलं.

सटवाजीने ठोकलं नाही. तो वल्हं हातात धरून उभा होता, आणि त्याचं तोंड मातीच्या रंगाचं झालं होतं. उभा जन्म त्या नदीवर काढलेला माणूस, त्याला लाकडाचा आवाज लाकडाच्या प्रतिध्वनीपासून वेगळा कळत होता. ओली वाकळ हाताने चोळून निघत नाही. ती धोपाटण्याने बडवावी लागते, आणि ती इतकी जड असते की बारक्या पोरीच्या हातचा प्रत्येक फटका दम घेऊन पडतो.

पाण्यावरची रेघ वळली आणि बेटाकडे गेली.

“संत्या, घरात द्वारका हाय का?” सटवाजीने विचारलं.

संतराम बापाकडे बघत राहिला. मग त्याला समजलं. वल्हं टाकून त्याने पाण्यात उडी घेतली आणि लव्हाळ्यात शिरला. सटवाजी बांबूने फळीवर वेड्यासारखा ठोकू लागला, की ती सुसर परत इकडे वळावी. ठोक्यांवर ठोके. मीही दोन्ही हातांनी फळी बडवली. आमच्याजवळ आतड्यांची टोपली होती, ती मी सगळी पाण्यात ओतली. बेटाआडचा आवाज तोवर बंद झाला होता.

आम्ही नाव फिरवून पलीकडे पोचलो तेव्हा संतराम खडकावर बसला होता. वाकळ अर्धी खडकावर, अर्धी पाण्यात. धोपाटणं तरंगत होतं. एका बाजूला दोन लुगड्यांच्या घड्या पिळून नीट ठेवलेल्या होत्या.

बेगमसाहेबा तोंडावर रुमाल धरून रडायला लागल्या. साहेब माणूस वाईट नव्हते, ते हादरून गेले होते. त्यांनी मला विचारलं, “मगर वो औरत यहाँ अकेली कर क्या रही थी? घाट तो उधर है.”

सटवाजीने माझ्याकडे पाहिलं. संतरामने पाहिलं. मला चक्रवाकाला उर्दूत काय म्हणतात ते येत होतं, उदाचं, टिटवीचं, पाणकावळ्याचं येत होतं. मी म्हणालो, “मालूम नहीं, हुजूर.”

तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली जेवढं सापडलं तेवढ्याला अग्नी दिला. साहेबांनी बंदूकवाले पाठवले. ते आठवडाभर ठोके देत बसले, पण थोरली पुन्हा त्या डोहात दिसली नाही. हर्रासाचं विचाराल तर सटवाजीने त्या साली स्वतःच नाव सोडली.

मी मंजुळाबाईला भेटायला गेलो. काय बोलावं ते सुचेना, आणि मूर्खासारखं तोंडातून निघालं की तुम्ही त्या दिवशी मला कारण सांगायला हवं होतं. ती चुलीपुढे बसली होती. तिने एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “मास्तर, तुमी काहून म्हून इचारलं. तुमच्या घरातबी बाई हाय. तिला इचारलं असतं तर?”



पंधरा दिवसांनी चावडीवर गाव बसलं. मी वहिवाटीप्रमाणे लिहायला होतो. गोष्ट कुणी सरळ काढेना. कुणी म्हणालं ती जागा वाईट, कुणी म्हणालं तिकडे जाणं बंद झालं पाहिजे. जाणाऱ्या कोण आणि कशाला जातात, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. शेवटी पाटलाने ठरवलं की ‘घरच्यांनी’ आता तिथे न जाता आणखी खालच्या अंगाला, नाल्याच्या तोंडाशी जावं. ते गावापासून चांगलं पाऊण कोस, काट्याची वाट, आणि तिथेही डोह आहेच. चार शब्दांचा प्रश्न होता. घाटाच्या खालच्या कडेला एक पायरी त्यांना सोडली तर काय बिघडतं? माणसांत, उजेडात, जिथे आरडाओरडा ऐकू येतो तिथे. तो प्रश्न माझ्या घशापर्यंत आला होता. सभेत सासरे होते, जावई होते, माझी शाळेतली पोरं होती. मला लाज वाटली. द्वारकाच्या मरणापेक्षा ती लाज मला त्या घटकेला मोठी वाटली. पाटील सांगत होता ते मी लिहून घेतलं आणि खाली सही केली.

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो. शकू मागच्या खोपीतून गाठोडं घेऊन निघाली. वर वाकळ होती, वाकळीत धोपाटणं खोचलेलं. अंगणाच्या कडेला ती थांबली. एरवी ती थांबत नसे. माझ्याकडे बघत ती उभी राहिली, मी काही विचारीन, सोबत येतो म्हणेन, निदान जपून जा म्हणेन, म्हणून.

मी वहीत बघत राहिलो. ती नाल्याच्या वाटेने निघून गेली. पाऊण कोसावरचा आवाज घरापर्यंत येत नाही हे मला माहीत होतं, तरी ती परत येईपर्यंत मी कान देऊन बसलो होतो. शाळेची वेळ टळून गेली होती.

शकू आली. त्या महिन्यात आली, पुढच्याही महिन्यात आली. दहा वर्षं झाली, शाळेवरचा झेंडा बदलला. ती अजून त्याच वाटेने जाते, आणि मी अजून विचारलेलं नाही.